लेथवर लाकडाचं पोकळ भांडं: पेला, करंडा, तांब्या, आणि बिघडलं तर काय करायचं

नाशिकमध्ये लेथ म्हटलं की समोरचा लगेच अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसी म्हणतो, आणि लाकडाचा लेथ (लाकूड गरगर फिरवून हत्याराने कापायचं यंत्र) म्हटलं की लाटणी, पोळपाट, पलंगाचे पाय. आतून कोरलेलं भांडं करणारे फार कमी, त्यामुळे अडलं तर विचारायला कोणी सापडत नाही, आणि व्हिडिओ बघावेत तर सगळे तिकडचे, लाकूड मेपल आणि चेरी, जे आपल्या वखारीत मागितलं तर माणूस आपल्याकडेच बघत बसेल. म्हणून हे लिहितोय, इथलं लाकूड, इथलं हवामान आणि इथे मिळणारी हत्यारं धरून.

आधीच सांगतो, पोकळ भांडं फुटताना आपल्याला दिसतं ते आत हत्यार घातल्यावर, पण ते बिघडलेलं असतं त्याच्या बरंच आधी. लाकूड निवडताना, चकमध्ये धरताना किंवा खोली न मोजल्यामुळे. त्यामुळे सुरुवातीच्या पायऱ्या कंटाळवाण्या वाटल्या तरी गाळू नका.

१. काय काय लागेल

- लाकडाचा लेथ. १ एचपीची मोटर पुरे, घरच्या सिंगल फेज कनेक्शनवर आरामात चालते. स्पीड कमी-जास्त करायची सोय मात्र पाहिजेच. पट्टा बदलून स्पीड बदलणारा लेथ असेल तर थ्री फेज मोटर आणि सिंगल फेज इनपुटवाला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावून घेता येतो, पण ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, अर्थिंगसकट.
- चार जबड्यांचा स्क्रोल चक (एकाच चावीने चारही जबडे सोबत हलतात तो). विकत घ्यायच्या आधी लेथच्या स्पिंडलचा (चक बसतो त्या फिरत्या दांड्याचा) आटा मोजा. १ इंच ८ टीपीआय (इंचाला ८ आटे) आणि एम ३३ (३३ मिमी) हे दोन खूप दिसतात, पण स्वस्त मशिनवर काहीही असू शकतं. आटा जुळला नाही तर टर्नरकडून अॅडॅप्टर करून घ्यावा लागतो.
- फिरता सेंटर (टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधारात बसणारा), ड्रिल चक, आणि २५ मिमीच्या आसपासचा फॉर्स्टनर बिट (सपाट तळाचं स्वच्छ गोल भोक पाडणारा).
- बाहेरच्या कामाला गाऊज (पन्हळीसारखी गोल पटाशी) आणि पार्टिंग टूल (कापून वेगळं करायचं अरुंद हत्यार), दोन्ही एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे). आतल्या कामाला एक सरळ आणि एक वाकडा बार, त्याबद्दल पुढे लिहिलंय.
- ८ इंची बेंच ग्राइंडर, त्याला पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड.
- बाहेरून जाडी मोजायचा कॅलिपर, पेन्सिल, मास्किंग टेप, किचनमधला वजनकाटा.
- पूर्ण चेहरा झाकणारी फेस शील्ड (नुसता गॉगल नाही) आणि एन ९५ मास्क.
- फेविकॉल, फेविक्विक, अॅराल्डाइट. दुरुस्तीचं सगळं या तिघांवर चालतं.

कागदपत्रांचं पण बघून घ्या, याच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. वखारीतून लाकूड घेतलं की पावती ठेवा. सागवान, खैर, शिसव असलं काही कोणी पेठ-सुरगाण्याकडून "स्वस्तात आणून देतो" म्हणाला तर वनखात्याचा वाहतूक परवाना आहे का ते आधी विचारा, नसेल तर हात जोडा. आणि शहरातलं झाड, अगदी स्वतःच्या बंगल्याच्या कंपाउंडमधलं असलं तरी, १९७५ च्या कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. तोडायची गरज पण नाही म्हणा, मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात कॉलनीत इतक्या फांद्या पडतात की ज्यांच्या दारात पडल्यात त्यांना विचारून दोन-चार ओंडके सहज मिळतात.

२. लाकूड: कुठलं घ्यायचं, कुठलं नाही

सुरुवातीला आंबा किंवा रेन ट्री. आंबा मऊ आहे, स्वस्त आहे, फक्त किडा लवकर लागतो म्हणून साल ठेवू नका. रेन ट्री आपल्याकडे रस्त्याच्या कडेला भरपूर, ओलं असताना मस्त कापलं जातं आणि वाळताना फारसं आकसत नाही, म्हणून फुटायचं प्रमाण कमी. धूळ मात्र नाकाला झोंबते.

बाभूळ टणक, जड आणि फिनिश एकदम भारी, पण वाळल्यावर हत्याराची धार खाते, म्हणून बाभळीचं बरंचसं काम ओली असतानाच उरकून घ्या. कडुलिंबाचे धागे उलटसुलट असतात, ओरबाडे पडतात, आणि संध्याकाळपर्यंत तोंड कडू. चिंच, जांभूळ, सुबाभूळ सगळं चालतं. निलगिरी पहिल्या वर्षी घेऊच नका, वाळताना अशी पिळते आणि तडकते की हौस फिटते.

जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवतात तेव्हा सागवानाच्या तुळया निघतात. वाळलेलं, स्थिर लाकूड, पण सागात सिलिका असतं म्हणून धार लवकर जाते, आणि आत खिळे असतातच. खिळ्यांचं तेच रस्त्याकडेच्या झाडांना पण लागू आहे. क्लासच्या जाहिराती आणि वाढदिवसाचे बोर्ड ठोकून ठोकून खोडात लोखंड इतकं गेलेलं असतं की ओंडका घेतला की आधी जाड लोहचुंबक फिरवा. लाकडात निळा-काळा डाग दिसला तर त्याच्या आसपास खिळा आहे असंच समजा.

द्राक्षबाग काढली की शेतकरी खोडं फुकट देतात, पण ती बारीक, पिळलेली आणि भेगाळलेली. भांड्याला नाही, झाकणाच्या मुठीला वापरा.

दोन झाडांपासून लांब राहायचं. कण्हेर, कारण विषारी, आणि बिब्बा, कारण त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. ओळखू न येणारं लाकूड लेथवर चढवायचं नाही, विशेषतः खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी.

३. ओंडका कापणं आणि वाळवणं

झाडाच्या मधोमध जो गाभा असतो तिथूनच बहुतेक भेगा निघतात. म्हणून जाड ओंडका मधोमध उभा चिरून गाभा बाजूला काढायचा आणि उरलेल्या अर्ध्यातून भांडं काढायचं. बारीक फांदी असेल तर गाभा मध्येच राहणार, तिथे निदान तो भांड्याच्या बरोबर मधोमध येईल असं धरा, कोरताना बराचसा निघून जातो आणि तळाला जो उरतो त्यावर पातळ फेविक्विक सोडता येतं.

तोडल्या तोडल्या, त्याच दिवशी, ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना फेविकॉलचा जाड थर किंवा वितळवलेलं मेण लावा. लाकडातलं पाणी तोंडाकडून सगळ्यात लवकर उडतं आणि भेगा तिथूनच सुरू होतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जो कोरडा गरम वारा सुटतो त्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला उघडा ओंडका दोन दिवसांत तोंडावर तडकलेला दिसेल.

मग दोन रस्ते. एक म्हणजे ओल्या लाकडातून एका बैठकीत पातळ भांडं पूर्ण करायचं, ते वाळताना थोडं वाकडं होतं, होऊ द्यायचं. दुसरा म्हणजे आधी जाडं भांडं कोरायचं, भिंत व्यासाच्या साधारण १० टक्के (६ इंची भांड्याला १५ मिमी), मग वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि वाळल्यावर परत चढवून गोल करायचं. वाळलं कधी हे कसं कळणार? वजन करा. दर आठवड्याला काट्यावर ठेवा, भांड्यावरच पेन्सिलने तारीख आणि वजन लिहा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं, याला बरेच महिने लागू शकतात. पावसाळ्यात आकडा थांबतो, कधी वाढतो पण, त्यावर जाऊ नका, दिवाळीनंतर परत बघा.

झाकणाचा करंडा करायचा असेल तर हा दुसराच रस्ता, पहिला नाही. ओल्या लाकडाचं झाकण वाळल्यावर बसतच नाही. आणि पूर्ण वाळलेल्या लाकडाचं झाकण मेमध्ये घट्ट बसवलंत तर जुलैत उघडत नाही, हे पण ध्यानात ठेवा, थोडी ढील द्या.

४. आतली हत्यारं अंबडमधून करून घेणं

आत कोरायची तयार हत्यारं बाहेरून मागवायची तर महाग पडतात. नाशिककरांना हा प्रश्न यायलाच नको. कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये १६ किंवा २० मिमीचा गोल स्टीलचा बार घ्या, टोकाला पाव इंची चौकोनी एचएसएस बिट बसेल असं भोक आणि वरून ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा आवळायचा स्क्रू), झालं. एक बार सरळ, एकाचं टोक साधारण ४५ अंशात वाकवलेलं. वर्कशॉपवाले काका आधी "लाकडाला एवढं कशाला रे?" म्हणून हसतात आणि मग स्वतःच तीन सुधारणा सुचवतात. त्या ऐका. मागे लांब लाकडी मूठ हवी, बार जितका आत जाणार त्याच्या निदान दुप्पट लांबी हाताकडे राहिली पाहिजे.

बिटऐवजी कार्बाइड इन्सर्ट (टोकाला बसवायचा तयार धारेचा छोटा तुकडा) बसवायचा असेल तर स्टील कापायचा घेऊ नका, त्याची धार मुद्दाम बोथट ठेवलेली असते, लाकूड फाडतो. अॅल्युमिनियमसाठीचा पॉलिश केलेला, घासून धार काढलेला इन्सर्ट मागा.

धार काढताना: एचएसएस ग्राइंडरवर निळं पडलं तरी काही बिघडत नाही, पण गरम असताना पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. जुन्या कार्बन स्टीलच्या पटाशीचं बरोबर उलटं, ती निळी पडली की मऊ झाली.

५. सुरू करायच्या आधी अंगावरचं बघा

हातमोजे नाहीत, लांब बाही नाही, ओढणी नाही, गळ्यातली चेन काढूनच ठेवा, केस बांधा. राखी पौर्णिमेनंतर लोकांच्या मनगटावर महिनाभर राखी लोंबत असते, तो दोरा पण. चालू लेथवर कापडाने पॉलिश करायचं नाही, टिश्यू पेपर वापरा, अडकला तर फाटतो, कापड बोट घेऊन जातं.

मशीन ऑन करायच्या आधी हाताने एक पूर्ण फेरी फिरवून कुठे टेकत नाही ना बघा, चकची चावी काढली का बघा, स्पीड सगळ्यात कमी करा आणि ओंडक्याच्या समोरच्या रेषेतून बाजूला उभं राहून बटण दाबा. लाकूड सुटलं तर त्याच रेषेत येतं.

६. पहिलं भांडं पेलाच करा

भांडी बाजारात एक चक्कर मारा, काही घेतलं नाही तरी चालेल, नुसते आकार बघा. पेल्याचं तोंड सगळ्यात रुंद असतं, आत काय चाललंय ते दिसतं. करंड्याच्या बाजू सरळ असतात. तांब्याचं पोट रुंद आणि मान अरुंद, आत हत्यार गेल्यावर काही दिसत नाही. हाच शिकायचा क्रम. लोक पहिल्याच दिवशी अरुंद मानेची फुलदाणी घ्यायला जातात आणि महिनाभरात लेथ विकायला काढतात.

आपण धागे लेथच्या लांबीच्या दिशेने ठेवून काम करतोय, म्हणजे ओंडका झाडात उभा होता तसाच लेथवर आडवा. पसरट वाडग्यात धागे आडवे असतात आणि तिथे कापायची दिशा वेगळी. व्हिडिओत वाडगा बघून तेच इथे केलं की हत्यार अडकतं.

७. बाहेरचा आकार आणि टेनन

ओंडका दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या टोचणाऱ्या टेकूंमध्ये) धरा, ४००-५०० आरपीएमला गोल करून घ्या. गोल झाल्यावर स्पीड वाढवता येतं. ठोकताळा असा की व्यास इंचात गुणिले आरपीएम हे ६००० ते ९००० मध्ये राहावं, म्हणजे ५ इंचाला १२०० ते १८००. हा बाहेरच्या कामाचा आकडा आहे. आत कोरताना ६००-९०० वरच राहा.

आता टेनन, म्हणजे तळाला चक पकडतो ती गोल खुंटी. अर्धी भांडी इथे मरतात. व्यास भांड्याच्या निदान एक तृतीयांश, खोल पोकळ कामाला अर्धा असला तर उत्तम. चकचे जबडे जवळजवळ बंद असताना त्यांचा पूर्ण गोल होतो, टेनन त्याच मापाच्या आसपास ठेवा, जबडे फार उघडावे लागले तर चारच कोपऱ्यांवर पकड बसते. टेननची बाजू जबड्याच्या उताराशी जुळलेली पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, टेननचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. भांड्याचा खांदा जबड्यांच्या तोंडावर घट्ट बसला पाहिजे. टोक टेकलं तर पकड घट्ट वाटते पण भांडं डुलतं, आणि आत हत्यार घातलं की निघून येतं.

टेननवर जबडा क्रमांक १ कुठे आहे ते पेन्सिलने खूण करा, म्हणजे काढून परत लावलं तर त्याच जागी बसेल. तळाच्या सेंटरची खूण पण पुसू नका, दुरुस्तीला लागते.

बाहेरचा आकार कापताना जाडीकडून बारीकपणाकडे उतरायचं. तळाच्या बाजूला मात्र आत्ताच फार बारीक करू नका, कोरून होईपर्यंत तिथे मांस पाहिजे.

८. आत कोरणं

आधी खोलीचं भोक. ड्रिलवर टेप गुंडाळून खूण करा, आतली खोली जेवढी हवी त्याच्या ५ मिमी आधी थांबा, स्पीड ४००-५००, आणि दर दोन सेंटिमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा झाडा. या भोकामुळे दोन गोष्टी होतात, मधोमध स्पीड शून्य असल्याने तिथे हत्यार धड कापत नाही तो भाग निघून जातो, आणि तळ कुठे आहे हे कायमचं ठरतं.

टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) तोंडाच्या जितकी जवळ जाईल तितकी घ्या. हत्याराचं टोक मध्यरेषेच्या किंचित वर, मूठ थोडी उंच. कारण साधं आहे, आतल्या बाजूला टोक मध्यरेषेच्या वर असताना अडकलं तर ते खाली ढकललं जातं आणि खाली जागा मोकळी असते, हत्यार आपोआप सुटतं. बाहेरून स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) लावताना याच्या उलट, टोक मध्यरेषेवर किंवा किंचित खाली.

कापायचं मधल्या भोकापासून बाहेर भिंतीकडे. या धाग्यात हीच उताराची दिशा. भिंतीकडून आत ओढत आलात तर धागे उचकटतात.

आणि एकदम तळापर्यंत पोकळ करून मग भिंत पातळ करू, असं करू नका. वरचे ३-४ सेंटिमीटर घ्या, तिथली भिंत फायनल जाडीला आणा, मगच खाली उतरा, परत वर यायचं नाही. खालचं भरीव लाकूड वरच्या भिंतीला आधार देत असतं, ते गेलं की तोंड थरथरायला लागतं आणि तिथे हत्यार लावलं की संपलं. सुरुवातीला ८ मिमी भिंत पुष्कळ झाली. ३ मिमीचे फोटो बघून मोहात पडू नका.

आवाज ऐकत राहा. जाड भिंतीवर हत्याराचा आवाज बसका, घोगरा येतो, भिंत पातळ होत गेली की सूर चढत जातो. सूर एकदम बदलला की तिथेच थांबून कॅलिपर लावायचा, "अजून एकच पास" म्हणायचं नाही. भुश्यावर पण लक्ष ठेवा. ओल्या लाकडाच्या लांब नरम चकत्या सुटत होत्या आणि अचानक पीठ यायला लागलं म्हणजे धार गेली, जोर लावू नका, ग्राइंडरवर जा.

तांब्याच्या आकारात आत भुसा गच्च भरतो आणि हत्यार त्यात अडकतं. दर मिनिटा-दोन मिनिटाला लेथ बंद, पूर्ण थांबू द्या, मग चमच्याने किंवा पंपाच्या हवेने काढा. फिरत्या भांड्यात बोट घालायचं नाही. कधीच नाही, टोकावरून "जरा बघू" म्हणून पण नाही.

१६ मिमीचा बार रेस्टपासून ५-६ इंचाच्या पुढे गेला की हाताला ऐकत नाही. त्यापेक्षा खोल जायचं तर २० मिमी किंवा जाड बार.

ओलं लाकूड असेल तर मध्येच जेवायला जाऊ नका, गेलातच तर भांड्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून जा. उन्हाळ्यात तासाभरात भांडं लांबट होतं आणि आल्यावर एका बाजूला हत्यार लागतं, एका बाजूला नाही.

९. चुका आणि त्यांची दुरुस्ती

काहीही झालं तरी पहिलं काम, हत्यार मागे ओढायचं आणि मशीन बंद करायचं. बहुतेक चुका पहिल्या सेकंदाला दुरुस्त होण्यासारख्या असतात, नंतर "बघू काय झालं" म्हणून परत हत्यार लावलं की नसतात. आणि उडालेले तुकडे गोळा करा, झाडूने लोटू नका, नंतर भुश्यात सापडत नाहीत.

*टेनन तुटलं.* भांडं तोंडाकडून धरायचंय. टाकाऊ लाकडाचा गोल चकमध्ये लावून तो तोंडात घट्ट बसेल असा कापा, तळाच्या सेंटरच्या खुणेवर टेलस्टॉक लावून दाबा. तळाला जाडी शिल्लक असेल तर नवीन टेनन कापा. नसेल तर तळ सपाट करून त्यावर टाकाऊ लाकडाचा ठोकळा फेविकॉलने चिकटवा, मध्ये खाकी कागद ठेवला तर शेवटी पटाशीने अलगद सुटतो. रात्रभर वाळू द्या. सकाळी त्या ठोकळ्यावर टेनन काढा. कागदाच्या जोडावर कोरताना हलक्या हाताने, आणि जिथे जमेल तिथे टेलस्टॉक लावून.

*भेग दिसली.* आधी ठरवा ती हलतेय का. भांडं थांबवून दोन्ही बाजूंनी दाबलं आणि भेग उघडमीट करत असेल तर ते भांडं लेथवरून उतरवा, मोह करू नका, ८०० आरपीएमला ते दोन तुकडे होऊन येतं. न हलणारी केसासारखी भेग असेल तर पातळ फेविक्विक सोडा. फिक्या लाकडावर त्याचा डाग पडतो, म्हणून आधी आजूबाजूला पातळ शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात मारा. रुंद भेगेत त्याच लाकडाचा बारीक भुसा भरू नका, ओला डाग पडल्यासारखा दिसतो. कॉफी पावडर भरा, काळी रेघ येते आणि लाकडाचीच वाटते. मोठ्या भेगेला अॅराल्डाइट. आणि फेविक्विक कधी सुती कापडाने पुसू नका, कापड तापतं, चटका बसतो आणि धूर डोळ्यात जातो.

*तळाला भोक पडलं.* म्हणजे खोलीचं भोक मोजलं नव्हतं. काही हरकत नाही, ते भोक फॉर्स्टनरने स्वच्छ गोल करा आणि दुसऱ्या रंगाच्या लाकडाचं बूच कापून बसवा. फिक्या आंब्यात गडद शिसवीचं बूच मुद्दाम केल्यासारखं दिसतं. बुचाचे धागे भांड्याच्याच दिशेने ठेवा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात एक आकसतं, दुसरं नाही, आणि जोड उघडतो.

*भिंतीतून हत्यार बाहेर आलं.* छोटं भोक असेल तर आणखी दोन-तीन भोकं ड्रिल करून नक्षी करा. लांब चीर असेल तर दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवता येते, तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते. पूर्ण वेढा पातळ झाला असेल तर त्या रेषेवर भांडं पार्टिंग टूलने दोन भागात कापा, पातळ पट्टी काढून टाका, मध्ये दुसऱ्या लाकडाची कडी चिकटवा.

खरं सांगायचं तर हा उपाय आधीच वापरला तर? बाहेरचा आकार झाल्यावर तांब्या खांद्यावर कापायचा, दोन्ही अर्धे रुंद तोंडाने आरामात कोरायचे, चिकटवायचे आणि जोडावर एक खाच मारायची. कोणाला कळत नाही. काही लोक याला चीटिंग म्हणतात, त्यांना म्हणू द्या.

*तोंडाचा टवका उडाला.* तोंड खाली घ्या, भांडं बुटकं होऊ द्या. टवका चिकटवत बसण्यात अर्थ नाही, बोट तिथेच लागतं.

*आत गोल गोल वळ्या पडल्या.* थरथरीमुळे. क्रमाने बघा: धार, रेस्ट किती लांब आहे, चक सैल झालाय का, मग स्पीड बदला, कधी कमी करून जातं, कधी थोडं वाढवून. बिटचं टोक रुंद असेल तर घासून अरुंद गोल करा, रुंद टोक जास्त लाकूड एकदम पकडतं. तरी नाही गेलं तर बिट बारमध्ये किंचित खाली कलता फिरवा, पकड सौम्य होते.

*ओरबाडे, म्हणजे उचकटलेले धागे.* पॉलिश पेपरने घासत बसू नका, आजूबाजूचं लाकूड झिजतं आणि खड्डा राहतोच. त्या जागी पातळ शेलॅक किंवा सँडिंग सीलर लावा, धागे ताठ झाले की ताज्या धारेने अगदी हलका एक पास. मग ८० पासून सुरू करून १२०, १८०, २४०, एकही नंबर न गाळता. पेपर गरम लागला म्हणजे दाबताय, त्या उष्णतेनेच तोंडाला बारीक भेगा पडतात. अरुंद भांड्यात आत पेपर बोटाने धरायचा नाही, काठीला बांधून, आणि तेही कमी स्पीडला.

१०. तळ पूर्ण करणं आणि तेल

भांडं उलटं करून टाकाऊ लाकडाच्या गोलावर बसवा, तोंडावर मास्किंग टेप, टेलस्टॉकचा आधार, आणि टेनन कापून तळ किंचित खोलगट करा म्हणजे टेबलावर डुलणार नाही. मधला शेवटचा गोटा हाताने पटाशीने काढा.

खाण्याच्या वस्तूंच्या भांड्याला कच्चं जवसाचं तेल, पातळ हात, पुसून घ्या, काही दिवस वाळू द्या, परत. शेंगदाणा तेल, तिळाचं तेल लावू नका, ते वाळत नाही, खवट वास मारतं. शोभेच्या वस्तूला शेलॅक मस्त. आणि जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापते आणि भुश्याच्या खोलीत पेट घेऊ शकते. दोरीवर मोकळी पसरून वाळवा, मग टाका. पेल्यात पाणी प्यायचं ठीक आहे, भरून ठेवायचं नाही.

११. एक भांडं मुद्दाम कापा

पहिल्या काही तांब्यांपैकी एक, शक्यतो बऱ्यापैकी जमलेलाच, उभा मधोमध कापा. जीवावर येतं, पण आतून भिंत कुठे जाड राहिली, खांद्याखाली हत्यार पोचलंच नाही, तळाशी कोपरा कसा उरला, हे कॅलिपर सांगत नाही ते एका कापात दिसतं. तो अर्धा लेथच्या मागे खिळ्याला अडकवून ठेवा, पुढचं भांडं कोरताना मान वर करून बघता येतं. फक्त कापताना बँडसॉवर नेऊ नका, गोल वस्तू ब्लेडखाली गरकन फिरते आणि हात ओढून नेते. शिकंज्यात गोणपाटात गुंडाळून धरा आणि हातकरवतीने कापा.